पडद्यावरच्या नकाशाआधी पायाखालचे गाव

मनमाड ते इंदूर या नव्या रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली आणि उत्तर महाराष्ट्राची अनेक दशकांची मागणी कागदावर का होईना, पूर्ण झाली. ३०९ किलोमीटर लांबी, १८,०३६ कोटी रुपयांचा अंदाजित खर्च, ३० नवी स्थानके, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशातील सहा जिल्हे, सुमारे एक हजार गावे आणि तीस लाखांच्या आसपास लोकसंख्या असा या प्रकल्पाचा पसारा सांगितला गेला. ‘पीएम गतिशक्ती’ या राष्ट्रीय बृहत् आराखड्याच्या अंतर्गत त्याची आखणी झाल्याचेही सरकारने आवर्जून नमूद केले. १३ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झालेली गतिशक्ती ही मुळात एक डिजिटल रचना आहे. रस्ते, लोहमार्ग, जंगले, नद्या, वीजवाहिन्या, जमिनीच्या नोंदी यांचे नकाशे थरावर थर रचल्याप्रमाणे संगणकाच्या पडद्यावर एकत्र पाहता यावेत आणि एका खात्याने बांधलेले दुसऱ्या खात्याने उखडू नये, हा तिचा हेतू होय.

पडद्यावरील अशा नकाशात मनमाड हा एक ठळक ठिपका असतो. त्या ठिपक्यातून चारही बाजूंना लोहमार्ग फुटलेले दिसतात. परंतु या गावाची पाणीटंचाई, रेल्वेच्या कारखान्यावर आणि धान्याच्या गोदामांवर चालणाऱ्या चुली, गुरुद्वाऱ्यात उतरून नांदेडला जाणाऱ्या यात्रेकरूंची वर्दळ, यांपैकी कोणती गोष्ट त्या थरांत येते आणि कोणती सुटते? कोणत्याही आराखड्याभोवतीचे हे व्यापक वास्तव समजून घेण्याची शिस्त कोठून आली, याचा शोध घेऊ लागले की वाट एका विलक्षण माणसापाशी जाऊन पोहोचते. योगायोग असा, की या माणसाचे भारतातील सर्वांत मोठे काम नव्या लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे होळकरांच्या इंदुरातच झाले. या माणसाचे नाव पॅट्रिक गेडेस.

गेडेस यांचा जन्म २ ऑक्टोबर १८५४ रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर येथे झाला. वडील लष्करात होते. निवृत्तीनंतर हे कुटुंब पर्थ शहराजवळच्या टेकडीवर एका लहानशा घरात राहू लागले. घराभोवती बाग होती, खाली शहर दिसे, शहराच्या कडेने नदी वाहत असे. डोंगरउतारावरून गावाकडे पाहण्याची सवय या मुलाला येथेच लागली आणि ती आयुष्यभर सुटली नाही. शालेय शिक्षणानंतर वडिलांच्या इच्छेखातर त्यांनी काही काळ बँकेत नोकरी केली. पण मन वनस्पतींत आणि खडकांत गुंतलेले होते. एडिंबरा विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकण्यासाठी गेलेला हा तरुण पहिल्याच आठवड्यात तेथून बाहेर पडला. सजीवांचा अभ्यास वाळवलेल्या नमुन्यांच्या कापाकापीतून करणे त्याला मानवले नाही. पुढे लंडनला थॉमस हक्सले यांच्यासारखा गुरू लाभला. डार्विनच्या उत्क्रांतिवादाचा तो ऐन भराचा काळ होता. सजीव आणि त्याचा परिसर यांना वेगळे करून पाहता येत नाही, हा धडा गेडेस यांनी तेथे घेतला.

त्यानंतर ते फ्रान्सला गेले. तेथे फ्रेडरिक ल प्ले या समाजचिंतकाच्या विचारांशी त्यांचा परिचय झाला. कामगारांच्या घरी जाऊन त्यांच्या मिळकतीचा, खर्चाचा, अन्नाचा आणि कुटुंबरचनेचा तपशील गोळा करणारा हा अभ्यासक समाजाकडे स्थळ, काम आणि कुटुंब या तीन अंगांनी पाहत असे. गेडेस यांनी कुटुंबाच्या जागी लोकसमूह घेतला आणि स्थळ, काम, लोक ही त्रयी आपलीशी केली. मनमाडच्या संदर्भात बोलायचे तर सातमाळा डोंगररांगेच्या उत्तरेकडील कोरडा उतार हे स्थळ, लोहमार्ग आणि धान्यसाठवण हे काम आणि त्या कामासाठी देशाच्या नाना भागांतून येऊन येथे स्थिरावलेले कष्टकरी हे लोक. यांतील एकाला बाजूला ठेवून उरलेल्या दोहोंचा अर्थ लागत नाही, हे गेडेस यांचे मूलभूत प्रतिपादन होते.

१८७९ मध्ये संशोधनासाठी मेक्सिकोला गेले असताना त्यांच्यावर मोठा आघात झाला. डोळ्यांच्या विकारामुळे त्यांना कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत, डोळ्यांवर पट्टी बांधून काढावे लागले. सूक्ष्मदर्शकावर जगणाऱ्या पंचविशीतील शास्त्रज्ञाला ही शिक्षा जन्मठेपेसारखीच होती. त्या काळोखात खिडकीच्या तावदानांच्या चौकटींवरून बोटे फिरवता फिरवता त्यांना विचारांची मांडणी चौकटींत करण्याची कल्पना सुचली. पुढे ते कागदाला घड्या घालून त्याचे चौकोन पाडीत आणि प्रत्येक चौकोनात एक घटक लिहून त्यांचे परस्परसंबंध तपासत. स्थळाचा कामावर काय परिणाम होतो, कामाचा लोकांवर, लोकांचा पुन्हा स्थळावर, असे उभे आडवे प्रश्न त्या घड्यांतून उभे राहत. या कागदांना ते विचारयंत्रे म्हणत. संगणक जन्माला येण्याच्या कितीतरी आधीची ही तक्तापद्धती आज माहितीच्या कोष्टकांशी रोज झगडणाऱ्यांना परकी वाटणार नाही. दृष्टी पुढे सुधारली. परंतु सूक्ष्मदर्शकावर दीर्घकाळ काम करणे अशक्य झाले. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेने गमावलेला हा माणूस शहरांना मिळाला, तो असा.

१८८६ मध्ये अ‍ॅना मॉर्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. संसार थाटण्यासाठी या दांपत्याने एडिंबराच्या जुन्या भागातील, गलिच्छ वस्ती म्हणून बदनाम झालेल्या जेम्स कोर्ट या आवारातील घर निवडले. गरिबांच्या वस्तीसंबंधी अहवाल लिहिणारे पुष्कळ होते. तेथे राहायला जाणारे विरळा. गेडेस यांनी भिंतींना रंग दिला, खिडक्यांत झाडे लावली, शेजाऱ्यांना बरोबर घेऊन अंगण झाडले. पडायला आलेल्या मोजक्याच इमारती काढून टाकायच्या, उरलेल्यांची डागडुजी करायची आणि मोकळ्या झालेल्या जागेत बाग फुलवायची, ही त्यांची पद्धत येथेच आकाराला आली. १८८८ पासून डंडी येथे ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. ही नोकरी वर्षातील थोडे महिनेच शिकवण्याची असल्यामुळे उरलेला काळ त्यांना नगरांच्या अभ्यासासाठी मोकळा मिळे.

१८९२ मध्ये त्यांनी एडिंबरातील एक उंच मनोरा ताब्यात घेतला आणि त्याचे रूपांतर ‘आउटलुक टॉवर’ या अभिनव संग्रहालयात केले. मनोऱ्याच्या माथ्यावर अंधारी खोली होती. छपरावरील आरसा आणि भिंग यांच्या योगाने खालच्या शहराचे हलते, जिवंत चित्र तेथील पांढऱ्या गोल मेजावर उमटत असे. पाहुण्यांना गेडेस आधी धावतपळत थेट वर नेत. तेथून खाली उतरताना क्रमाने एडिंबरा, स्कॉटलंड, इंग्रजी भाषकांचे जग, युरोप आणि अखेर तळमजल्यावर संपूर्ण जग असे मजले लागत. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दोन बोटांनी नकाशा लहान मोठा करताना आपण जे करतो, तेच येथे जिन्याच्या पायऱ्यांनी घडत होते. फरक एवढाच, की पडद्यावर नकाशा लहान केला की गाव दिसेनासे होते; गेडेस यांच्या मनोऱ्यात मात्र जगापर्यंत उतरलेला माणूस दारातून बाहेर पडे तो पुन्हा एडिंबराच्याच रस्त्यावर.

याच काळात त्यांनी खोऱ्याच्या छेदाची आपली प्रसिद्ध आकृती सिद्ध केली. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत जमीन कशी उतरत जाते आणि त्या उतारावर खाणकामगार, लाकूडतोड्या, शिकारी, मेंढपाळ, शेतकरी, मच्छीमार यांचे व्यवसाय कसे ठरत जातात, हे त्या एका रेषेत दाखवलेले असे. शहर समजून घ्यायचे तर त्याचे खोरे समजून घेतले पाहिजे, हा तिचा अर्थ. मनमाड–इंदूर मार्ग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. गिरणेच्या खोऱ्यातून निघून मालेगाव, धुळे, शिरपूर असा तापीच्या खोऱ्यात तो उतरतो, सातपुडा चढून सेंधव्याकडे जातो, नर्मदा ओलांडतो आणि विंध्याच्या कड्यावरून माळव्याच्या पठारावर पोहोचतो. द्राक्ष आणि कांद्यापासून यंत्रमाग, कापूस, आदिवासींची जंगलावर अवलंबून असलेली शेती आणि माळव्याचा गहू असा सारा पट या ३०९ किलोमीटरांत आहे. सपाट नकाशावर ही केवळ एक रेघ असते. छेदावर ती हजार गावांची कहाणी होते.

१९०४ मध्ये डनफर्मलिन या गावासाठी गेडेस यांनी उद्याने आणि सांस्कृतिक संस्था यांचा विस्तृत आराखडा तयार केला. पैसा देणाऱ्या विश्वस्तांना तो पेलवला नाही आणि बासनात गेला. असे अपयश त्यांच्या वाट्याला पुढेही वारंवार आले. मात्र त्या निमित्ताने एक सूत्र पक्के झाले. आराखड्याआधी पाहणी झाली पाहिजे आणि उपचाराआधी निदान. आज ही गोष्ट पाठ्यपुस्तकातील पहिल्या धड्यासारखी वाटते. त्या काळी मात्र नगररचना म्हणजे मेजावर पट्टी ठेवून रुंद रस्त्यांच्या सरळ रेषा ओढणे, अशीच समजूत रूढ होती.

नगररचनेचे फिरते प्रदर्शन घेऊन भारतात येण्याचे निमंत्रण त्यांना मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्याकडून आले. १९१४ च्या अखेरीस गेडेस साठीच्या उंबरठ्यावर भारतात पोहोचले. परंतु प्रदर्शन पोहोचले नाही. जन्मभर जमवलेले नकाशे, चित्रे आणि आकृत्या घेऊन येणारे जहाज ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडवले होते. अशा प्रसंगी कोणीही परतीचे तिकीट काढले असते. गेडेस यांच्या मित्रांनी युरोपातून नवे साहित्य गोळा करून पाठवले आणि जानेवारी १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन उघडले. त्याच वर्षी त्यांचा ‘सिटीज इन इव्होल्यूशन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी मुंबई इलाख्यात देशातील पहिला नगररचना कायदा अमलात आला.

पुढील काही वर्षांत त्यांनी तंजावर, मदुरा, बडोदे, लखनौ, लाहोर, ढाका, बलरामपूर अशा कितीतरी शहरांचे अहवाल लिहिले. आपल्याकडील ठाणे आणि नागपूर ही शहरेही त्यांच्या नजरेखालून गेली. पहाटे उठून ते पायी निघत. गल्लीबोळ, विहिरी, पार, देवळे, ओसाड पडलेली घरे, सांडपाण्याचे ओघळ सारे पाहत. त्यांच्याआधी त्या शहरांत बहुधा अभियंत्यांची आखणी येऊन गेलेली असे. रोगराई हटवण्यासाठी दाट वस्तीतून पन्नास फुटी रस्ता काढायचा आणि त्याच्या आड येणारी घरे पाडायची, हा तिचा ठरलेला उपाय. गेडेस विचारीत, की पाडलेल्या घरांतील माणसे कोठे जाणार? ती शेजारच्याच गल्लीत जाणार, तेथील गर्दी वाढवणार, म्हणजे रोग तेथे हलणार. त्याऐवजी पडीक घरे तेवढी काढावीत, दोन बोळ जोडावेत, मोकळ्या जागेत झाड लावावे, विहीर दुरुस्त करावी. शल्यचिकित्सकाने निरोगी अवयव वाचवून आजारी भाग तेवढाच काढावा, तसे हे काम. मराठ्यांच्या राजवटीचा वारसा सांगणाऱ्या तंजावरात त्यांनी अशी पर्यायी आखणी करून दाखवली तेव्हा ती अधिकृत योजनेपेक्षा पुष्कळ स्वस्त ठरली आणि घरेही वाचली. डासांच्या भीतीने तलाव बुजवण्याच्या धोरणालाही त्यांनी असाच विरोध केला. तलाव हा गावाचा गारवा, साठा आणि सणवार यांचा आधार असतो, तो स्वच्छ राखता येतो, हे त्यांनी परोपरीने सांगितले.

हे सारे चालू असताना १९१७ हे वर्ष त्यांच्यावर काळरात्रीसारखे कोसळले. एप्रिल महिन्यात थोरला मुलगा अ‍ॅलेस्डेअर फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला. नेमकी त्याच वेळी त्यांच्याबरोबर भारतात आलेली अ‍ॅना आजारी पडली होती. मुलाच्या मृत्यूची बातमी तिला सोसणार नाही, म्हणून गेडेस यांनी ती लपवली आणि मुलाची जुनी पत्रे तिला वाचून दाखवत राहिले. जूनमध्ये अ‍ॅनानेही कलकत्त्यात प्राण सोडला. दोन महिन्यांत घर रिकामे झालेला हा त्रेसष्टीला टेकलेला माणूस त्यानंतर स्वतःला कामात गाडून घेता झाला. ते काम इंदूरचे होते.

महाराज तिसरे तुकोजीराव होळकर यांच्या निमंत्रणावरून गेडेस इंदूरला आले तेव्हा शहर प्लेगने गांजलेले होते. फिरताना त्यांच्या ध्यानात आले, की लोक आपल्याला पाहून घाबरतात. घरे पाडायला आलेला साहेब, अशी त्यांची ख्याती झाली होती. पाहणी करणाऱ्यालाच लोक भितात, तेथे पाहणी खरी कशी व्हावी? तेव्हा त्यांनी दरबाराकडे एका दिवसापुरता महाराजांचा अधिकार मागितला, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. दिवाळी जवळ आली होती. गेडेस यांनी दवंडी पिटवली, की या वर्षी मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नाही. ज्या मोहल्ल्यांतील घरे अधिकांत अधिक स्वच्छ आणि दुरुस्त असतील त्यांच्यासमोरून जाईल. मोफत कचरा उचलण्याची व्यवस्था झाली आणि सारे शहर घासूनपुसून निघू लागले. घराघरांतून हजारो गाड्या कचरा बाहेर पडला, उंदीर पकडले गेले. मिरवणुकीत हत्ती घोडे, कारागिरांचे देखावे, प्लेगच्या उंदराची आणि डासाची महाकाय प्रतिमा, शुभ्र वेशातील सफाई कामगार आणि त्यांचे सजवलेले बैल, नव्या इंदूरचे रूप दाखवणारी देवता असा थाट होता. अस्वच्छतेच्या राक्षसाचे रावणासारखे दहन झाले. तुळशीची रोपे वाटण्यात आली. प्लेगचा जोर ओसरला आणि लहान मुले या म्हाताऱ्या साहेबाकडे हसून पाहू लागली.

या प्रसंगाकडे गंमत म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. स्वच्छतेचे फर्मान काढणे सोपे होते. परंतु फर्मान लोकांच्या भीतीत भर घालते. दिवाळीपूर्वी घर झाडणे, लक्ष्मी स्वच्छ घरी येते अशी श्रद्धा, मिरवणूक आपल्या दारावरून जावी ही हौस, या गोष्टी त्या शहरात आधीपासूनच होत्या. गेडेस यांनी नवे काही आणले नाही. जे होते ते ओळखले आणि त्याला दिशा दिली. भोवतालचे वास्तव समजून घेणे याचा अर्थ केवळ अडचणींची यादी करणे नव्हे. लोकांकडे आधीच असलेले बळ शोधणे हाही त्याचाच भाग आहे. संगणकासमोर बसून नागरिकांसाठी नवी सेवा आखणाऱ्याला ही एक मिरवणूक पुष्कळ शिकवू शकेल.

१९१८ मध्ये इंदूरचा दोन खंडांतील अहवाल प्रसिद्ध झाला. घरे, पाणी, सांडपाणी, नदीकाठ, बागा, ग्रंथालय, नाट्यगृह, विद्यापीठ अशा सर्व अंगांचा विचार करणारा हा अहवाल गेडेस यांच्या भारतीय कामाचे शिखर मानला जातो. त्यातील थोडे प्रत्यक्षात आले, पुष्कळ राहून गेले. राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात २०१७ पासून इंदूरने सलग अनेक वर्षे पहिला क्रमांक मिळवला, त्याचे श्रेय शंभर वर्षांपूर्वीच्या दिवाळीला देता येणार नाही. ते आजच्या नगरपालिकेचे आणि नागरिकांचे आहे. तथापि शहराच्या स्मृतीत काही बीजे दीर्घकाळ टिकतात, असे मानायला हरकत नसावी.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठाने समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग सुरू केला आणि त्याची धुरा गेडेस यांच्याकडे सोपवली. समाजशास्त्राचे पद्धतशीर विद्यापीठीय शिक्षण देशात येथून सुरू झाले. वर्गात बसून टिपणे घेण्याऐवजी विद्यार्थ्यांनी शहरात हिंडावे, असा त्यांचा आग्रह असे. मालवणात जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये यांना उच्च शिक्षणासाठी विलायतेला पाठवण्याची शिफारस गेडेस यांनीच केली. पुढे १९२४ मध्ये घुर्ये यांनी विभागाची सूत्रे हाती घेतली आणि भारतीय समाजशास्त्राच्या पिढ्या घडवल्या. गुरू आणि शिष्य यांची प्रकृती मात्र निराळी होती. गेडेस बोलत तेव्हा विचारांचा लोंढा येई आणि ऐकणारा त्यात वाहून जाई. त्यांचे हस्ताक्षर लागत नसे, लेखन विस्कळीत असे, हाती घेतलेले काम पुरे होण्याआधी नवे काम खुणावत असे. त्यांच्या अनेक अहवालांच्या नशिबी धूळ आली, त्याला हा स्वभावही काही अंशी कारणीभूत होता.

त्यांच्या दृष्टीला एक मोठी मर्यादाही होती, आणि ती सांगितल्याशिवाय हे चरित्र पूर्ण होणार नाही. राजे आणि गव्हर्नर यांच्या आश्रयाने काम करणाऱ्या गेडेस यांना जुन्या वस्त्यांतील कारागिरी, सण आणि सहजीवन दिसले. त्या वस्त्यांची जातवार रचना आणि तीमागील सक्ती मात्र त्यांना तितकी बोचली नाही. इंदूरच्या मिरवणुकीत सफाई कामगार एक दिवस सन्मानाने चालले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या हाती तोच झाडू होता. या उणिवेची जाणीव ज्या भूमीवर स्पष्ट शब्दांत मांडली गेली ती भूमी मनमाडची आहे. १८६० च्या दशकात येथे मुंबईहून येणारा मार्ग पोहोचला, १८७८ मध्ये दौंडचा जोडला गेला आणि शतक पालटताना निजामाच्या राज्यातून आलेला गोदावरी खोऱ्याचा मार्ग मिळाला. लोहमार्गाने गाव मोठे केले. पण रुळांवरची कामे जातीनुसारच वाटली गेली. फेब्रुवारी १९३८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली जी.आय.पी. रेल्वेतील दलित कामगारांची परिषद मनमाडला भरली. दलित कामगारांना भांडवलशाही आणि ब्राह्मण्य या दोन शत्रूंशी लढावे लागेल, अशी मांडणी बाबासाहेबांनी येथे केली आणि रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमनला वरच्या जागा कशा नाकारल्या जातात, हेही दाखवून दिले. स्थळ, काम आणि लोक या त्रयीत कोणाच्या वाट्याला कोणते काम येते आणि ते कोण ठरवते, हा प्रश्न विचारल्यावाचून पाहणी पुरी होत नाही, हे मनमाडच्या परिषदेने जणू गेडेस यांच्या कोष्टकात भर घालून सांगितले.

मुंबईत असतानाच गेडेस यांना जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाच्या आखणीसाठी बोलावणे आले. १९२५ मध्ये त्यांनी तेल अवीव शहराचा आराखडा केला; त्यावर उभ्या राहिलेल्या शहरभागाला २००३ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. जगदीशचंद्र बोस यांचे त्यांनी लिहिलेले चरित्र १९२० मध्ये प्रसिद्ध झाले होते. १९२४ मध्ये प्रकृतीच्या कारणाने भारत सोडून ते दक्षिण फ्रान्समधील माँपेलिए येथे स्थायिक झाले आणि तेथेही दगड रचून, झाडे लावून विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालय उभारू लागले. १९३२ च्या आरंभी त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. १७ एप्रिल १९३२ रोजी माँपेलिए येथेच त्यांचे निधन झाले.

गेडेस गेले, पण विचारांची परंपरा तुटली नाही. अमेरिकी लेखक लुइस ममफर्ड यांनी त्यांना गुरुस्थानी मानले. स्कॉटलंडमध्येच जन्मलेले इयान मॅकहार्ग यांनी १९६९ मध्ये ‘डिझाइन विथ नेचर’ हा ग्रंथ लिहिला. त्याची प्रस्तावना ममफर्ड यांची. उतार, माती, पाणी, अरण्य, वस्ती यांचे पारदर्शक नकाशे एकावर एक ठेवून कोठे बांधावे आणि कोठे बांधू नये हे ठरवण्याची रीत मॅकहार्ग यांनी लोकप्रिय केली. पुढे संगणकाने हेच थर आपल्या पोटात घेतले आणि भौगोलिक माहिती प्रणाली सर्वत्र रूढ झाली. गतिशक्तीच्या पडद्यावर मनमाड–इंदूर मार्गाभोवती जे थर उलगडतात, त्यांच्या वंशावळीत एडिंबराचा मनोरा आणि मेक्सिकोतील अंधारी खोली यांचा समावेश करावाच लागेल.

साधने बदलली तरी प्रश्न तोच राहिला आहे. उपग्रहाला शेत दिसते. त्या शेतातील विहीर कोणाकोणाची तहान भागवते, हे दिसत नाही. सातबाऱ्यावर मालकाचे नाव असते. वाट्याने कसणाऱ्याचे, रानात गुरे नेणाऱ्याचे नसते. नव्या मार्गासाठी जमीन घेताना मोबदला ज्याच्या नावावर उतारा त्याला मिळेल. पण ज्याचे काम हरवेल त्याचे काय, याचे उत्तर कोणत्या थरात शोधायचे? तीस नव्या स्थानकांपैकी एखादे स्थानक आठवडे बाजाराच्या गावाशी जोडले जाते की माळरानावर एकटे पडते, यावर त्या परिसराची पुढील पन्नास वर्षे ठरतील. मनमाडसारख्या टंचाईच्या गावी नवी वर्दळ वाढेल तेव्हा तिच्यासाठी पाणी कोठून येणार, हा प्रश्नही मार्गाच्या आराखड्याबाहेरचा मानता येणार नाही. असे काही प्रश्न आखणीआधी विचारले गेले, तर त्यांची किंमत थोड्या दिवसांच्या पायपिटीएवढी असते. रूळ टाकल्यानंतर ते उभे राहिले, तर ती किंमत गावे मोजतात.

होळकरांच्या राज्यकर्त्या अहिल्याबाईंचा चांदवडचा रंगमहाल मनमाडपासून फार दूर नाही. इंदूर आणि हा परिसर यांचे नाते लोहमार्गाच्या कितीतरी आधीचे आहे; वाटसरू, व्यापारी आणि यात्रेकरू यांनी ते पायी जोडले होते. प्रकल्पाचे वेळापत्रक पाळले गेले तर २०२८–२९ पर्यंत तेथून गाडी धावू लागेल. पडद्यावर आखलेली ती रेघ जमिनीवर उतरवणाऱ्या अधिकाऱ्यांनी आणि संगणकतज्ज्ञांनी कामाला लागण्यापूर्वी काही दिवस तरी गेडेस यांच्याप्रमाणे पहाटे उठून त्या गावांतून चालावे. त्यांना पाहून लोक घाबरतात की बोलायला पुढे येतात, एवढे कळले तरी पाहणीला योग्य सुरुवात झाली असे म्हणता येईल.